डोळे मिटले की वडील दिसतात

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळचा वर्ग आटोपल्यावर पुन्हा एकदा सावकाश वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ४३. राहायला कोल्हापुरात फुलेवाडीला, उद्यमनगरात तीन लेथचं छोटं वर्कशॉप. वडील जाऊन चौदा महिने झाले. शेवटची तीन वर्षं जागेच्या वाटणीवरून तुमचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर नैवेद्य ठेवला, कावळा बराच वेळ शिवला नाही आणि जमलेल्या भावकीनं तुमच्याकडं बघितलं. दोन महिन्यांपूर्वी एका मित्राच्या सांगण्यावरून तुम्ही मोबाइलवरच्या अ‍ॅपवर रोज पहाटे वीस मिनिटं ध्यान सुरू केलं. पहिल्या आठवड्यात दहा-बारा मिनिटांनी आणि आता पाच-सात मिनिटांतच आधी खांदे वर चढतात, मग दात आवळले जातात, मग छाती दाटून येते आणि वडिलांचा चेहरा समोर येतो. तुम्ही तसेच नेटानं वीस मिनिटं बसून राहता. उठल्यावर दिवसभर चिडचिड होते, बायकोवर आणि दहावीतल्या मुलावर आवाज चढतो. बायको म्हणते, "ध्यान करायला लागल्यापासून तुमचं जास्तच बिघडलंय." तुम्ही विचारलंय की माझं काय चुकतंय, मन रिकामं का होत नाही, आणि सगळं एकदाच मोकळं व्हावं म्हणून दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊ का?

मी राजारामपुरीत गेली चोवीस वर्षं योग आणि ध्यानाचे वर्ग घेते, त्यातली चौदा वर्षं समुपदेशनही करते. जे लिहिते आहे ते या कामातून आलेलं आहे. समोरासमोर न बोलता लिहितेय, त्यामुळं काही ठिकाणी अंदाजानं बोलावं लागेल. तिथं तसं सांगेन.

आधी एक गोष्ट जी ध्यानाची नाही. छाती दाटते असं तुम्ही तीन वेळा लिहिलंय. दिवसभर उभ्यानं काम, झोप पाच तास आणि तंबाखूची सवय, हेही तुम्हीच लिहिलंय. या आठवड्यात डॉक्टरांकडं जा, रक्तदाब बघून घ्या, ईसीजी काढून घ्या. जिना चढताना छातीवर दाब येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, घाम फुटत असेल, तर आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सगळं मनाचंच आहे असं धरून चालणारी बरीच माणसं माझ्याकडं येतात, आणि त्यातल्या एकाच्या बाबतीत ते मनाचं नव्हतं. तेव्हापासून छातीचं नाव निघालं की मी आधी तपासणीचा कागद मागते. इथून पुढचं सगळं तुमच्या हृदयाला काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय हे गृहीत धरून लिहितेय.

आता तुमच्या प्रश्नाकडं वळते. आपल्याला ध्यान जमत नाही असं तुम्हाला वाटतंय. मला तुमच्या लिहिण्यातून वेगळंच दिसतं. वडील गेले त्या दिवसापासून तुम्हाला उसंतच मिळालेली नाही. मांडव, पाहुणे, जेवणं, मग वर्कशॉपच्या थकलेल्या ऑर्डरी, बँकेचा हप्ता, मुलाची दहावी. "एकदाही रडलो नाही, वेळच नव्हता," हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण माझी नजर तिथंच थांबली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणी तुम्हाला सांगितलं की पहाटे, शांत, एकटे बसा, मशीन बंद, फोन बंद. अशा वेळी इतके दिवस ताटकळत असलेलं सगळं आत येणारच. तुमची बैठक बिघडलेली नाही. ती सुरू झाल्या झाल्या तुम्हाला जे भेटायला आलं, ते किती वेळ आणि कसं भेटून घ्यायचं हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. अ‍ॅपला ते माहीत असणं शक्य नाही. त्याला तुमचे वडील माहीत नाहीत.

आणि मला वाटतं (हा अंदाज आहे), छातीत येतं ते फक्त वडिलांचं जाणं नाही. घाटावर कावळ्याची वाट बघत उभं राहिलात ती मिनिटं त्यात आहेत. पाठीवर लागलेल्या नजरा आहेत. त्यांची काही इच्छा राहिली असेल आणि ती माझ्यामुळं राहिली असेल, हा विचार आहे. तुम्ही प्रश्नात कावळ्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण वेळ सांगितलीत, ऊन कसं होतं ते सांगितलंत, कोण कुठं उभं होतं ते सांगितलंत. बाकी अंत्यविधीबद्दल इतकं बारीक काहीच नाही.

त्या श्रद्धेवर मी वाद घालणार नाही. माझ्या आईच्या वेळी मीसुद्धा झाडाकडं डोळे लावून बसले होते आणि पहिला कावळा उतरला तेव्हा मला रडू फुटलं होतं. पण या कामामुळं अनेक घरांच्या दुःखात मी घाटावर उभी राहिले आहे आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. नैवेद्याभोवती माणसांचं कडं असतं तोवर कावळा फांदीवरच बसून राहतो. कोणी जाणतं माणूस "मागं सरा रे सगळे" म्हणतं, लोक पायऱ्या चढून वर जातात आणि मग तो येतो. त्या दिवशी तुमच्याकडं कोणी मागं सरलं होतं का, ते आठवून बघा. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात साठ-सत्तर माणसं अगदी जवळ उभी आहेत.

आता नेटानं बसून राहण्याबद्दल. यात माझीच एक चूक सांगायला हवी. वर्ग सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. एक तरुण मुलगी यायची. तिचं मूल पोटातच गेलं होतं. डोळे मिटले की ती रडायची, थरथरायची. मला शिकवलं गेलं होतं की जे येईल ते नुसतं बघायचं, प्रतिक्रिया द्यायची नाही. मी तिला तेच सांगितलं. बसून राहा, बघत राहा, जाईल ते. ती गुणी होती, ऐकत राहिली. दीड महिन्यानं यायची बंद झाली. नंतर तिच्या बहिणीकडून कळलं की तिची रात्रीची झोप पार उडाली होती आणि शेवटी डॉक्टरांच्या औषधानं ती सावरली. बघायला सांगणं चुकीचं नव्हतं. किती बघायचं, कुठं थांबायचं हे मी सांगितलं नाही, आणि तिला सोसवत नाही हे माझ्यासमोर दिसत असताना मी ते साधनेचा भाग समजले. तेव्हापासून नवीन माणूस आला की घरात अलीकडं काय घडलं ते मी आधी विचारते आणि मगच डोळे मिटायला सांगायचे की नाही ते ठरवते.

किती आणि कुठं थांबायचं हे समजावताना आपल्या नदीसारखं दुसरं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. पावसाची झड लागली की आपण सगळे सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर तर हे दोन आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ झाले. त्या दोन आकड्यांमधले चार फूट हीच खरी कामाची जागा आहे. ३९ झालं म्हणजे पूर आला असं नव्हे. जनावरं सोडायची, धान्याची पोती माळ्यावर चढवायची, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडं पोचवायचं, एवढा अवधी हातात आहे, असा त्याचा अर्थ. ४३ ओलांडल्यावर ही कामं करायला कोणी घरात शिरत नाही.

तुमच्या शरीराची पातळी तुम्हीच नेमकी लिहून दिली आहे. आधी खांदे, मग दात, मग छाती. खांदे हे तुमचे ३९ आहेत, छाती हे ४३. तुम्ही आजवर काय करत आलात, तर खांदे चढले तरी बसलात, दात आवळले तरी बसलात, छाती भरून आल्यावरही वीस मिनिटं पुरी होईपर्यंत बसलात. त्यामुळं शरीर एक गोष्ट शिकलं. हा माणूस आसनावर बसला की आता बुडायचं आहे. म्हणून ते रोज थोडं लवकर घाबरायला लागलं. दहा-बारा मिनिटांची पाच-सात मिनिटं झाली ती याच कारणानं असावीत. तुमच्याकडं निग्रह कमी नाही. निग्रह आहे म्हणूनच एवढं रेटता आलं.

यापुढं नियम एकच. खांदे चढलेले जाणवले की तिथं थांबायचं. डोळे उघडायचे, समोरच्या भिंतीवरची एखादी वस्तू बघायची, तळहात मांडीवर दाबायचे, पायाखालची फरशी गार आहे का ते बघायचं. खांदे उतरले आणि वाटलं तर परत एक-दोन मिनिटं बसायचं. नाही वाटलं तर उठायचं. याला पळपुटेपणा समजू नका.

पण तेसुद्धा नंतर. आत्ता पहिला महिनाभर डोळे मिटून बसणं पूर्ण बंद ठेवा, असं मी सुचवेन. अ‍ॅप काढून टाकलंत तरी चालेल. तो वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, कारण पहाटे उठायची सवय तुम्हाला लागली आहे आणि ती मोलाची आहे. त्या वेळात रंकाळ्यावर जा, तुमच्यापासून जवळच आहे. एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत लक्ष फक्त तळपायांवर ठेवायचं. टाच टेकली, चवडा टेकला, बोटं सुटली. पुढचा खांब आला की सोडून द्यायचं. मग त्याच्या पुढच्या खांबापर्यंत मनाला मोकळीक. पाणी बघा, चालणारी माणसं बघा, वर्कशॉपचे विचार येऊ द्या. मग परत एक खांब तळपाय. एवढंच, वीस-पंचवीस मिनिटं. या चालण्यात वडील आठवतीलच. आठवले तर त्यांना सोबत चालू द्या. पुढचा खांब आला की तुम्ही पायांकडं वळायचं, ते येवोत न येवोत.

हे मी डोळे उघडे ठेवून आणि पायांपासून का करायला सांगते? डोळे मिटले की बाहेरचं दिसणं थांबतं आणि आतली चित्रं ठळक होतात. ज्याच्या आत शांत पाणी आहे त्याला ते चालतं. ज्याच्या आत पूर आहे त्याला आधी काठ लागतो. आणि श्वासाकडं लक्ष द्या असं सगळीकडं सांगतात, पण तुमचं दुखणं छातीतच आहे. श्वास बघायला गेलात की तुम्ही थेट त्याच खोलीत शिरता. पाय लांब आहेत, त्यांना काही झालेलं नाही, म्हणून पाय.

२०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या एका गावातून एक ताई माझ्याकडं यायच्या. पत्र्यावर पाऊस वाजला की त्यांचं अंग ताठ व्हायचं. श्वासाचा कुठलाही प्रकार त्यांना सोसेना. एक दिवस त्याच म्हणाल्या, "भांडी घासताना मला बरं वाटतं बघा." मग आम्ही तेच धरलं. पाऊस वाजायला लागला की त्या मोरीत बसायच्या आणि एकेक भांडं हातात घेऊन त्याचं नाव मोठ्यानं घ्यायच्या. ताट. वाटी. तांब्या. हातातला थंड, ओला, जड तांब्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या दारात उभ्या राहून पाऊस बघायला लागल्या. मी त्यांना शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्या हातांना जे आधीच ठाऊक होतं त्याला मी फक्त हो म्हटलं.

तुमच्याही हातांना ठाऊक आहे. "जॉब लावला की दुसरं काही सुचत नाही," असं तुम्ही लेथवर धातूचा तुकडा लावण्याबद्दल लिहिलंय. ती एकाग्रता खरी आहे, तिला कमी लेखू नका. मात्र एक सांभाळा. चालू मशीनवर श्वासबिस मोजायचा नाही, तिथं लक्ष टूलवरच पाहिजे. चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) थांबलं, एक जॉब उतरवला, दुसरा लावायच्या आधी तीन श्वास घ्या. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, मध्ये कोंडायचा नाही. हात मशीनच्या गार बेडवर ठेवा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला सावकाश होण्याचा निरोप मिळतो. तीनच श्वास असल्यामुळं ते छातीच्या दुखण्यापर्यंत पोचत नाहीत. चक्कर आल्यासारखं वाटलं तर नेहमीसारखा श्वास घ्या, जोर करू नका.

तिसरी गोष्ट आपल्याकडं आधीपासूनच आहे, आपण ती विसरलो आहोत. बाहेरून आल्यावर हातपाय धुऊन घरात यायची सवय. तुमच्या आजीनं नक्की लावली असेल. वर्कशॉपमधून आलात की मोबाइल खिशात, कोणाशी काही बोलायचं नाही, आधी मोरीत जाऊन पायावर पाणी घ्यायचं. तेलाचा वास जाईपर्यंत हात चोळायचे. पाणी घोट्याला लागतं, टाचेवरून उतरतं, तेवढं बघायचं. दीड-दोन मिनिटं. तुमच्या दिवसातली सगळ्यात अवघड जागा वर्कशॉप आणि घर यांच्या मधली आहे, असं तुमच्या चिडचिडीच्या वेळा वाचून मला वाटलं.

तर महिनाभराचं काम एवढंच आहे. पहाटे खांब ते खांब चालणं, दोन जॉबच्या मध्ये तीन श्वास, घरी आल्यावर पाय धुणं आणि दिवसभरात खांद्यांवर नजर. यापेक्षा जास्त काही करायला जाऊ नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

मन रिकामं का होत नाही, याचं उत्तर लहान आहे. ते कोणाचंच होत नाही. २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं की आत्ता तुम्ही काय करताय आणि मन कुठं आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. मन भटकणार हे धरूनच चालायचं. ते भटकलंय हे ज्या क्षणी तुमच्या लक्षात येतं, तो क्षण हाच सगळा व्यायाम. चालताना तुम्ही तीसदा पाय विसरलात आणि तीसदा परत आलात, तर त्या दिवशी तीस जोर मारले असं समजा.

घरातल्यांबद्दल. तुमच्या बायकोचं वाक्य तुम्हाला लागलं आहे, हे दिसतंय. मला त्यांचं वाक्य बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीसारखं वाटतं. पातळी आतल्या माणसाआधी बाहेरच्याला दिसते. त्यांच्याशी एकदा निवांत बोला, हे पाण्याचं उदाहरण सांगा आणि म्हणा की माझे खांदे चढलेले दिसले तर "पाणी वाढतंय" एवढंच म्हणत जा, बाकी काही बोलू नकोस. बऱ्याच घरांत मी हे करून घेतलंय. भांडणापेक्षा ते दोन शब्द लवकर पोचतात. फक्त हे ठरवताना दोघं शांत हवीत, आणि त्यांनी ते शब्द टोमणा म्हणून वापरायचे नाहीत.

माझ्या वर्गात एक निवृत्त टर्नर यायचे. ते एकदा म्हणाले होते, "बाई, गरम जॉबला मायक्रोमीटर लावला की माप खोटं येतंय. गार होऊ द्यायचा, मग मोजायचा." तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घरी आल्यावर पहिला अर्धा तास मुलाच्या मार्कांचा विषय काढायचा नाही, पैशांचा काढायचा नाही, वाटणीबद्दल भावाला फोन करायचा नाही. त्या अर्ध्या तासातलं तुमचं मत गरम जॉबचं माप आहे.

तरीही आवाज चढेल. लगेच थांबणार नाही. चढला तर त्याच दिवशी, झोपायच्या आत मुलाजवळ जाऊन बसा आणि सांगा, "मघाशी मी ओरडलो. ते तुझ्यामुळं नव्हतं. मला आबांची आठवण येते आणि मग माझं असं होतं." त्याला उपदेश करू नका, अभ्यासाचं पुढं जोडू नका. त्याचेही आजोबा गेलेत. घरात त्यांचं नाव कोणी काढत नसेल तर तो काय समजत असेल, याचा विचार करा. तुम्ही आणि तुमचे वडील तीन वर्षं बोलला नाहीत, हे त्यानं बघितलंय.

आता शिबिराचा प्रश्न. विपश्यनेबद्दल मला मनापासून आदर आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात हे शिकवायला सुरुवात केली. आपल्या जिल्ह्यातही हातकणंगले तालुक्यात आळत्याला केंद्र आहे. फी नसते, पुढच्यांसाठी दान द्यायचं असतं. मी स्वतः शिबिर केलंय आणि मला त्याचा उपयोग झाला. पण त्याचं स्वरूप नीट समजून घ्या. पहाटे चारला उठणं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, मौन, फोन नाही, वाचन नाही, घरच्यांशी बोलणं नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास, मग सगळ्या शरीरातल्या संवेदना. जो माणूस आज पाच मिनिटांत ४३ फुटांवर जातो, त्याला हे आत्ता झेपेल असं मला वाटत नाही. शिबिराच्या अर्जात मनाच्या आजारपणाबद्दल विचारलेलं असतं ते याचसाठी. तिथं खरं ते लिहायचं असतं.

हे परिस्थितीवर अवलंबून आहे, कायमचा नकार नाही. चार-सहा महिन्यांनी तुम्ही डोळे मिटून पंधरा मिनिटं बसू शकत असाल, खांदे चढले तर तुमचे तुम्हाला उतरवता येत असतील, झोप सुधारली असेल, वडिलांबद्दल कोणाशी तरी बोलणं झालं असेल, तर जा. "सगळं एकदाच मोकळं व्हावं," असं तुम्ही लिहिलंय. ती इच्छा मला कळते. पण धरणाचे सगळे दरवाजे एकाच वेळी उघडले तर खालच्या गावांचं काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

काही गोष्टी दिसल्या तर या सगळ्याच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं जायचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस झोप नाही, जेवणावरची वासना गेली, कामावर जावंसं वाटत नाही, दारू सुरू झाली किंवा वाढली, सगळं संपवावं असा विचार एकदा जरी आला. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कुठल्याही वेळी लावता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. औषध घ्यावं लागलं तर साधना वाया गेली असं काही नसतं. माझ्या वर्गातली निम्मी माणसं कधी ना कधी औषधावर होती आणि त्यातली काही आज माझ्यापेक्षा स्थिर बसतात.

शेवटी वडिलांचं. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण पाय, श्वास हे सगळं त्यासाठीच आहे. त्यांच्याशी बोलायचं राहिलंय, ते पहाटेच्या आसनावर नका बोलू. त्याला वेगळा वार द्या. आठवड्यातून एकदा, समजा गुरुवारी, वर्कशॉप बंद झाल्यावर अर्धा तास. वही घ्या आणि त्यांना पत्र लिहा. वाटणीचा राग असेल तर रागानं लिहा, शिव्या आल्या तर येऊ द्या. अर्धा तास झाला की वाक्य अर्धवट असलं तरी वही मिटायची आणि पाय धुऊन घरी जायचं. अर्धवट राहिलेलं पुढच्या गुरुवारी. पहिले दोन-तीन गुरुवार बहुतेक हिशेबच निघतील, कोणी कुणाला काय म्हणालं, जागेचे किती गुंठे. त्यानंतर कधीतरी दुसरंच काही येतं. एका माणसाला चौथ्या आठवड्यात वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून खासबागला कुस्ती बघायला गेल्याचं आठवलं आणि तो तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडला. रडू आलं तर खांदे बघा. ते उतरत असतील तर रडणं हलकं करणारं आहे, चालू द्या. ते चढत असतील तर वही मिटा आणि बाहेर येऊन चाला.

वही झाली तरी जिवंत माणूस लागतोच. तुम्ही लिहिलंय की कागलची आत्या सोडली तर त्या घाटावरच्या प्रसंगानंतर तुमच्याशी कोणी सरळ बोललं नाही. त्यांचं वय तुम्ही ७८ सांगितलंय. तुमच्या वडिलांना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय. त्यांना भेटायला जा. वाटणीबद्दल काही विचारू नका, कावळ्याबद्दल विचारू नका, निदान पहिल्या भेटीत नको. आबा तुमच्या मुलाएवढे असताना कसे होते, तेवढंच विचारा. त्यांना सांगू द्या, मध्ये बोलू नका. आणि जाताना मुलाला बरोबर घेऊन जा.